पिवळी चिप कितीची?

आमच्या घरी महिन्यातल्या एका शनिवारी पत्त्यांचा डाव बसतो, हे मी आईला अजून नीट सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मित्र जेवायला येतात. जेवायला येतातच, त्यात खोटं काही नाही. बाबांना मात्र माहीत आहे. ते साताऱ्याजवळच्या एका बँकेच्या शाखेत तीस वर्षं कॅशियर होते. जुगार, व्यसन वगैरे काही न बोलता त्यांनी फोनवर एवढंच विचारलं होतं,

"बँक कोण असतं?"

"मी."

"रात्री टॅली होते का?"

"होते, बाबा."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

टॅली खरंच व्हायची. न्यू जर्सीत, एडिसनमधल्या माझ्या वन बेडरूम अपार्टमेंटमध्ये सहा-सात जण जमायचे. बहुतेक मराठी, एक तेलुगू, एक गुजराती, सगळेच आयटीवाले. प्रत्येकाने सुरुवातीला चाळीस डॉलर द्यायचे, तेवढ्याच्या चिप्स घ्यायच्या, रात्री उरलेल्या चिप्स परत करून पैसे घ्यायचे. घरमालकाने डावातून एक सेंटही कापायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. पिझ्झाचे पैसे जिंकणाऱ्याने द्यायचे, हा दुसरा.

चिप्स अगदीच साध्या होत्या. अॅल्युमिनियमच्या पेटीत तीनशे नग, कडेला फाशांचं चित्र, आत लोखंडाची चकती घातलेलं प्लास्टिक. त्यांच्यावर किंमत छापलेलीच नव्हती. "आज पांढरी पाव डॉलर, लाल एक, निळी पाच," असं बसताना जाहीर करायचं, की झालं. तीन वर्षांत त्यावरून एकदाही भांडण झालं नाही. हे आत्ता लिहिताना मला जाणवतंय. तेव्हा मला त्या चिप्सची लाज वाटायची.

*

चिप्सचं वेड लागलं ते अटलांटिक सिटीत. एडिसनहून गाडीने दीड-दोन तासांवर समुद्रकाठी हे कॅसिनोंचं गाव आहे. तिथे पहिल्यांदा खरी चिप हातात आली आणि मी डाव सोडून तिच्याकडेच बघत बसलो. आमच्या प्लास्टिकच्या चिपवर 11.5 ग्रॅम लिहिलेलं असायचं. ही त्याहून हलकी होती, नऊ-दहा ग्रॅमची, तरी बोटांना भरीव लागत होती. एकीवर एक ठेवली तर टक् असा आवाज न येता दबका, खडूच्या काड्या एकमेकींवर ठेवल्यासारखा आवाज यायचा.

लोक हिला क्ले चिप म्हणतात. ती निव्वळ माती नसते. खनिजांची पूड आणि बांधून ठेवणारं मिश्रण साच्यात घालून उष्णतेने आणि दाबाने घट्ट करतात. कडेचे रंगीत पट्टेही रंगवलेले नसतात. मूळ चकतीचा तेवढा भाग कापून तिथे दुसऱ्या रंगाची माती बसवतात. म्हणूनच चिप्सचा मनोरा बाजूने पाहिला, छतावरच्या कॅमेऱ्यातून पाहिला, तरी चुकीच्या रंगाची एखादी चिप लगेच दिसते.

यातलं सगळ्यात मानाचं नाव पॉलसन. कडेने टोपी आणि काठीची नक्षी असलेला त्यांचा साचा शौकीन लोक अंधारातही बोटांनी ओळखतात. 2002 मध्ये पॉलसन, बड जोन्स आणि एक फ्रेंच कंपनी मिळून गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल झाली. ही कंपनी कॅसिनोंना माल विकते. घरी डाव मांडणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्याला अशा चिप्स हव्या असतील तर एकच वाट उरते, ती म्हणजे बंद पडलेला कॅसिनो.

2014 या एका वर्षात अटलांटिक सिटीतले चार कॅसिनो बंद पडले. जानेवारीत अटलांटिक क्लब, मग ऑगस्टअखेर शोबोट, सप्टेंबरमध्ये रेवेल आणि ट्रम्प प्लाझा. कॅसिनो बंद होताना लोकांना चिप्स वटवायला ठरावीक मुदत देतात. नंतर तिजोरीतल्या चिप्स नियमाप्रमाणे नष्ट करायच्या असतात. मुदत संपल्यावर जी चिप कुणाच्या खणात राहिली, ती आता फक्त आठवण.

हे वाचताना मला नोव्हेंबर 2016 आठवला. मी इंजिनिअरिंगला होतो. 8 तारखेच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या आणि पुढचा महिनाभर बाबा रात्री दहाच्या आत घरी आले नाहीत. एक म्हातारी पदराच्या गाठीतून हजाराच्या अकरा नोटा काढून काउंटरवर ठेवताना "लेका, याचं काय करायचं?" म्हणाली, हे त्यांनी आम्हाला दोन-तीनदा सांगितलं होतं. नोट तीच, छपाई तीच, गांधीजी तेच. पण काल जो ती घेत होता, तो आज घेत नव्हता.

चिप म्हणजेसुद्धा दुसरं काय? कॅसिनोने तुमच्याकडून घेतलेलं कर्ज. 1990 च्या डिसेंबरमध्ये अटलांटिक सिटीतल्या ट्रम्प कॅसलला रोख्यांवरचं व्याज भरायचं होतं आणि पैसे कमी पडत होते. तेव्हा फ्रेड ट्रम्प यांच्या वकिलाने तिथे जाऊन तीस लाख डॉलरहून जास्त रकमेच्या चिप्स विकत घेतल्या आणि एकही डाव न खेळता तो निघून गेला. बापाने मुलाला दिलेलं ते कर्ज होतं, फक्त राखाडी रंगाच्या चकत्यांच्या रूपात. पुढे नियामकांनी त्यावरून कॅसिनोला दंडही केला. बाबांना हा किस्सा सांगितला तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, "म्हणजे डिमांड ड्राफ्टच की रे!"

*

बंद कॅसिनोच्या पैशांच्या चिप्स महाग असतात. शिवाय त्यात घरगुती डावाला लागणाऱ्या पाव डॉलरच्या चिप्स जवळजवळ नसतातच, कारण एवढ्या लहान पैशांचा खेळ कॅसिनोत फारसा चालत नाही. म्हणून आमच्यासारखे लोक रूलेटच्या चिप्स शोधतात. रूलेटच्या टेबलावर चिपला स्वतःची किंमत नसते. प्रत्येक खेळाडूला वेगळा रंग देतात, आणि तुम्ही डॉलरच्या भावाने घेतल्या तर तुमची चिप डॉलरची, पाचच्या भावाने घेतल्या तर पाचची. टेबल सोडलं की ती पुन्हा बिनकिमतीची. त्या स्वस्त मिळतात आणि त्यांच्यावर आपल्याला हवं ते लेबल लावता येतं.

जुन्या संग्राहकांना हे बिलकूल आवडत नाही. अमेरिकेत 1988 पासून कॅसिनोच्या चिप्स जमवणाऱ्यांचा क्लब आहे, आणि एखाद्या दुर्मिळ चिपवर नवं लेबल चिकटवणं याला या छंदातले लोक सरळ मर्डर म्हणतात. मी दुर्मिळ काही मारलं नाही. नेवाडातल्या एका छोट्या कॅसिनोच्या चारशे रूलेट चिप्स घेतल्या. नगाला सव्वा डॉलर पडला. जांभळ्या, हिरव्या, नारिंगी आणि पिवळ्या, प्रत्येकी शंभर. मधोमध सोनेरी शाईचं एक इंग्रजी अक्षर, बाकी कोरं. पार्सल उघडलं तेव्हा खोलीभर जुन्या सिगरेटचा वास पसरला.

पुढचे दोन आठवडे मी ऑफिसच्या मीटिंगा कॅमेरा बंद ठेवून केल्या, कारण हातात टूथब्रश असायचा. जुन्या पॉलसन चिप्सच्या मिश्रणात शिसं असायचं, म्हणून हातमोजे घालायचे. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. चारशे चिप्स, दोन्ही बाजू आणि कडा. पाणी चहासारखं व्हायचं. किती हातांचा घाम असेल तो! सुकल्यावर मिनरल ऑइलचा हात फिरवला की मेलेला रंग पुन्हा उजळतो.

इथे मी पहिली चूक केली. तेल आधी लावलं आणि लेबल नंतर. तेलावर गोंद धरतो का कधी? पन्नास लेबलं रात्रीत कडेने उचलली गेली. मग प्रत्येक चिपचा मधला भाग अल्कोहोलने पुसून पुन्हा नवीन लेबल. ते बरोबर मध्ये बसावं म्हणून एका मित्राने थ्रीडी प्रिंटरवर छोटा साचा करून दिला. तो चिपवर बसवायचा, गोल भोकातून लेबल सोडायचं आणि अंगठ्याने दाबायचं. एका चिपला दोन लेबलं, म्हणजे एकूण आठशे.

दुसरी चूक तेव्हा कळली नाही. ती लेबलाच्या डिझाइनमध्येच होती.

एक इंचाच्या गोलात मी अजिंक्यताऱ्याची रेघ काढली. घराच्या गच्चीवरून जसा दिसतो तसा, वर सपाट, उजवीकडे टॉवर. खाली वळणदार अक्षरात किंमत. आकड्यात नाही, शब्दांत. जांभळीवर 'चार आणे', हिरवीवर 'एक', नारिंगीवर 'पाच', पिवळीवर 'वीस'. चाराण्याचं नाणं भारतात 30 जून 2011 ला चलनातून गेलं. ते एडिसनमध्ये पुन्हा सुरू केल्याचा मला कोण अभिमान! किल्ला मोठा आला होता, म्हणून अक्षरं बारीक करावी लागली. स्क्रीनवर झूम करून पाहिलं, सुरेख दिसत होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या अॅपमध्ये "हे बटण युजरला दिसणार नाही" असे शेरे मारणारा मी, पण स्वतःच्या लेबलाची एक प्रिंट काढून दोन फुटांवरून वाचून बघायचं काही सुचलं नाही.

आणि तिसरी चूक. आता सेटमध्ये वीसची चिप होती. वीसची चिप आहे तर ती टेबलावर यायला हवी. म्हणून मी ग्रुपवर मेसेज टाकला, 'नव्या चिप्सचं उद्घाटन. यावेळी शंभर डॉलर.' सगळ्यांनी अंगठे दाखवले. दादाने जरा उशिरा दाखवला.

*

दादाचं खरं नाव लिहीत नाही. कॉलेजात तो मला तीन वर्षं सीनियर. 2019 मध्ये मी एमएस करायला सॅन होजेला उतरलो तेव्हा विमानतळावर तोच घ्यायला आला होता. सहा आठवडे मी त्याच्या हॉलमध्ये झोपलो. अपार्टमेंटचं डिपॉझिट त्याने भरलं आणि परत घेताना म्हणाला, "सावकाश दे, मी काय बँक आहे?" पोकर मला त्यानेच शिकवला, तिथल्या एका कार्डरूममध्ये मागे उभं करून. पुढे मी नोकरीसाठी इकडे आलो आणि वहिनींची बदली झाली तसा 2023 मध्ये तोही न्यू जर्सीत आला.

त्या शनिवारी तो तासभर उशिरा आला. रंगांचा पाढा मी बाकीच्यांना आधीच वाचून दाखवला होता. डाव चालू होता, म्हणून मी त्याच्यासमोर शंभराच्या चिप्स सरकवल्या. तीन पिवळ्या, चार नारिंगी, सोळा हिरव्या, सोळा जांभळ्या. त्याने मोजल्या नाहीत. माझ्याकडून घेतलेलं त्याने कधीच मोजलं नव्हतं.

न्यू जर्सीत कॅसिनोच्या चिपांचे रंग नियमाने ठरलेले आहेत. पांढरी एक, लाल पाच, हिरवी पंचवीस, काळी शंभर, आणि पिवळी वीस. पिवळी वीसची करताना माझ्या डोक्यात हेच होतं. पण कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच कार्डरूममध्ये पिवळी चिप पाचची असते. हे मला माहीत होतं, कारण मी तिथेच शिकलो होतो, दादाच्या मागे उभा राहून.

तर दादा त्या रात्री पिवळीला पाच आणि नारिंगीला वीस समजून खेळत होता. तासभर तो नारिंगी चिप एकेक करून पुढे करत होता, आपण मोठा डाव लावतोय असं समजून. बाकीचे हसत होते, "दादा आज फार जपून खेळतोय." मीही हसलो. डोळ्यांपुढे होतं ते सगळं, मी वाचलं नाही.

साडेबाराच्या सुमारास एका डावात शेवटचं पान उघडलं. मध्ये साठेक डॉलर होते. दादाने न बोलता आठ पिवळ्या चिप्स पुढे सरकवल्या. समोरच्याकडे बदामाचा फ्लश होता, त्याने लगेच कॉल केला. पत्ते उघडले. दादाकडे दोन जोड्या.

"चाळीस गेले," दादा म्हणाला.

"एकशे साठ," समोरचा म्हणाला.

आधी दोघेही हसले. मग हसू थांबलं. दादाने एक चिप उचलून दिव्याखाली धरली, डोळ्यांजवळ नेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घर माझं, चिप्स माझ्या, बँक मी.

नियम म्हणाल तर सरळ आहे. तोंडाने आकडा बोलला नसाल तर पुढे केलेल्या चिप्सची किंमत हाच तुमचा डाव. मी तेच सांगितलं. तेवढंच सांगितलं असतं तर कदाचित चाललं असतं. पण दादा म्हणाला, "अरे, हे दिसतं कुणाला?" आणि माझ्या आठशे लेबलांचा, किल्ल्याचा, दोन आठवड्यांचा अपमान झाल्यासारखं मला वाटलं. मी म्हणालो, "मराठी वाचता येतं ना दादा?"

तो काही बोलला नाही. आणखी दोन डाव बसला. मग उरलेल्या चिप्स माझ्यासमोर नीट रंगाप्रमाणे लावून ठेवल्या आणि जॅकेट घालून गेला. जाताना त्याने पिझ्झाचा रिकामा बॉक्सही खाली नेऊन टाकला.

टॅली झाली. एका सेंटचाही फरक नव्हता.

*

दहा दिवसांनी वहिनींचा फोन आला. आमच्या कंपनीत जागा आहेत का, असं विचारत होत्या. कुणासाठी, मी विचारलं. त्या क्षणभर थांबल्या. "म्हणजे त्याने तुला सांगितलं नाही?"

दादाची नोकरी जाऊन पाच आठवडे झाले होते. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्या शनिवारी पंचविसावा दिवस होता. शंभर डॉलरच्या मेसेजला त्याचा अंगठा उशिरा का आला, हे मला त्या फोनवर कळलं. आणि तरी तो का आला, हेही थोडं कळलं. महिनाभर घरात बसलेल्या माणसाला एका संध्याकाळी नेहमीसारखं व्हायचं असतं.

मी त्याला एकशे वीस डॉलर पाठवले, चाळीस आणि एकशे साठ यातला फरक. त्याने ते दोन मिनिटांत परत पाठवले. खाली लिहिलं, 'डाव झाला तो झाला. लेबल बरोबर होतं.'

रात्री बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, अगदी मी काय बोललो तेही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमचे जुने हेड कॅशियर नवीन पोराला एक सांगायचे. नोटा मोजताना मान खाली, देताना मान वर. समोर माणूस कोण आहे, त्याला किती कळलंय, ते बघून द्यायचं. टॅली काय, मशीनसुद्धा करतं."

त्याच रात्री मी पिवळ्या चिप्स काढून बसलो. केस वाळवायच्या मशीनने गरम करायचं, पातळ पातं कडेखाली सरकवायचं, लेबल हळूच सोलायचं, राहिलेला गोंद बोटाने चोळून काढायचा. लावायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ काढायला लागतो. लेबल निघालं की खालचं सोनेरी अक्षर पुन्हा दिसायचं आणि चिप पुन्हा बिनकिमतीची व्हायची. पहाटेपर्यंत एकोणसाठ झाल्या. उरलेल्या पुढच्या रविवारी केल्या, मग नारिंगीही.

नवीन लेबलावर किल्ला नाही. काळ्या जाड ठशात फक्त आकडा आहे. पिवळीवर 5. नारिंगीवर 1. वीसची चिप आता सेटमध्ये नाही, आणि सुरुवातीचे पुन्हा चाळीसच. हिरव्या चिप्स कपाटात पडून आहेत. जांभळीवर 'चार आणे' राहू दिलं, कारण तिच्यावरून कुणाचं काही बिघडत नाही.

दादाला साठ दिवसांत नोकरी मिळाली नाही. वहिनींचा स्वतःचा एच-वन-बी असल्यामुळे त्याने मुदत संपण्याआधी एच-फोरसाठी अर्ज केला, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला नवरा. देश सोडावा लागला नाही, पण सध्या काम करता येत नाही. मी तीनदा त्याच्या घरी गेलो. पहिल्यांदा हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो. दुसऱ्यांदा माफी मागितली. "त्या रात्री मी चिपकडे बघत होतो, तुझ्याकडे बघायला हवं होतं," असं काहीतरी बोललो. तो म्हणाला, "चहा गार होतोय." तिसऱ्यांदा जाताना खिशातून एक पिवळी चिप नेली आणि त्याच्या हातात ठेवली.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. नखाने कड तपासली.

"चांगलं बसलंय," तो म्हणाला. "माझंही लेबल बदललं बघ. एच-वनचं एच-फोर. गोंद अजून ओला आहे."

मला हसावं की काय कळेना. तोच हसला.

परवाच्या शनिवारी तो आला. वेळेवर, सगळ्यांच्या आधी. मी त्याच्यासमोर चाळीसच्या चिप्स ठेवल्या आणि रंगांचा पाढा म्हटला, पिवळी पाच, नारिंगी एक, जांभळी चार आणे, जरी खोलीत आम्ही दोघंच होतो. त्याने ऐकून घेतलं. मग मान खाली घालून एकेक चिप मोजली.

पूर्वी तो मोजत नसे. ते मला लागलं, पण बरोबरच आहे. मोजून झाल्यावर त्याने वर पाहिलं. मी त्याच्याकडेच बघत होतो.

"बरोबर आहेत," तो म्हणाला. "पिस पत्ते."